डावा पाय उघडा

गाडीत बसण्याआधी आबा डाव्या पायातली वहाण काढत. उजवीला हात लावत नसत. काढलेली वहाण बाकाखाली सरकवायची आणि एक पाय उघडा, एक झाकलेला असं आत बसायचं, ही त्यांची रीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा विसरला. म्हटलं, "आबा, दुसरी राहिली की पायात."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "किलच पायाला कळतो बाई, वहाणंला न्हाई. बिरेक काय, कुनालाबी कळतो." किलच म्हणजे क्लच.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना लोणावळ्यात स्टेशनच्या जवळ होता. मी तिथे नर्स आणि आबा ड्रायव्हर. मी तिशीच्या आतली विधवा, पुण्याहून सुईणपण शिकून आलेली. जिभेला तेव्हाही धार होती. डॉक्टरांना मोटार घेता आली, चालवता मात्र कधी आली नाही. एकदा हौसेने शिकायला बसले आणि कुंपणाची मेंदी ओलांडून माळ्याच्या खोपटापाशी थांबले. माळ्याची बायको आत भाकऱ्या करत होती. त्या दिवसापासून डॉक्टर मागच्या बाकावर बसू लागले.

माणूस भला होता. मावळातून अडलेल्या बाईचा निरोप आला की ते मोटार आणि मला पाठवत. कामशेत, सोमाटणे, आंबी, पवनेच्या खोऱ्यात पार तिकोणा पेठेच्या अलीकडपर्यंत. रस्ता असेल तिथवर मोटार, पुढे बैलगाडी, त्याच्यापुढे आपले पाय. त्यामुळे माझी ती वर्षं आबांच्या शेजारी गेली म्हटलं तरी चालेल. शेजारी का, ते सांगते.

आबा मूळचे आंबीचे. पहिल्या लढाईत खेचरं हाकायला म्हणून इराकात बसऱ्याला गेले आणि मोटार हाकायला शिकून परत आले. तोवर घरचं शेत पुतण्याने वहिवाटीला घेतलं होतं, बायको तापाने गेली होती. आबांनी तक्रार केली नाही. "मला शेतातलं काय कळतंय आता?" म्हणाले आणि लोणावळ्याला आले. कोणी गावचं माणूस भेटलं की आधी मोटारीकडे बोट करून मग स्वतःची ओळख सांगत.

बोलणं फार कमी. काहीही विचारा, उत्तर एकच, "व्हय." डॉक्टर विचारत, "आबा, पेट्रोल भरलंय का?" "व्हय." "की संपलंय?" "व्हय." डॉक्टर हसून सोडून देत. डॉक्टरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणत असू, त्यांनी एकदा विचारलं, "आबा, ह्या लुगड्याचा रंग मला जरा भडकच दिसतो, नाही का?" आबा म्हणाले, "व्हय." वहिनींनी ते लुगडं मोलकरणीला देऊन टाकलं. आम्हा सगळ्यांना वाटे, लढाईवर गेलेला माणूस, हुकमाला होकार द्यायची सवय लागलेली. तुम्ही असता तर तुम्हालाही तेच वाटलं असतं.

एके दिवशी मला म्हणाले, "बाई, पुढं बसा. मागं धूळ लय येती." धूळ पुढेही तेवढीच येत होती. पण वडीलधाऱ्या माणसाने सांगितलं म्हणून बसले.

कामशेतहून पवनेच्या खोऱ्यात उतरायला एक खिंड चढावी लागते. चढ लागला तसे आबा म्हणाले, "बाई, जातं दळलंय का कदी?"

"न दळून सांगते कुणाला? सासरी पहाटे दुसरं काय होतं?"

त्यांनी बहुधा माझी मान हललेली पाहिली. म्हणाले, "लय दानं पडल्यावर जातं जड व्हतं, आवाज बसतो. दानं सरलं की मोकळं फिरतं, आवाज चढतो. व्हय ना? मंग ह्या विंजनाचा आवाज बसाया लागला की तुमच्या छत्रीनं फळीवर एकदा ठोका. हितं, माज्या टाचंपाशी."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी नजर रस्त्यावरच ठेवली होती. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले होते. मी विचारलं, "आबा, तुम्हाला ऐकू येत नाही?" ते काही बोलले नाहीत, कारण त्यांना ते ऐकूच गेलं नाही. मग मी पुढे वाकून, त्यांना दिसेल असं, स्वतःच्या कानाला हात लावला.

त्यांनी गाडी कडेला घेतली. "बसऱ्यात तोफांनी निम्मं नेलं. ऱ्हायलेलं हितं गेलं," म्हणाले. "कुनाला सांगू नगा बाई. मोटार सोडली तर मी कोन? आंबीतला एक भैरा म्हातारा."

हल्लीच्या गाड्यांचं मला ठाऊक नाही, पण त्या मोटारीचा गिअर चढावर बदलणं ही दोन टप्प्यांची गोष्ट होती. इंजिन दमलं की क्लच दाबून गिअर मध्ये आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनला जरा पळवायचं, आणि त्याचा आवाज नेमका चढला की पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. तो क्षण चुकला तर दात दातांवर खरखरतात, गिअर पडत नाही, आणि गाडी चढावर मोकळी राहते. मोकळी गाडी मागे कुठे जाते, ते मावळातल्या दऱ्यांना विचारावं. तो क्षण सांगायला गाडीत कुठे काटा नव्हता. होते ते फक्त चालवणाऱ्याचे कान.

म्हणून माझी छत्री. काळी, पुरुषी, लोखंडी टोकाची. आवाज बसला की एक ठोका. इंजिन पळायला लागून जातं मोकळं फिरल्यासारखं झालं की दुसरा. मागून कोणी भोंगा वाजवला तर लागोपाठ तीन. आबांची उघडी टाच गाडीच्या फळीवर टेकलेली असे. तिला ते सगळं कळे. पहिले काही दिवस मी चुकले, गिअर करवादला, आबा दात आवळून हसले. मग जमलं. पुढे पुढे तर मी नुसती छत्री उचलली की त्यांचा पाय हलायला लागे. पण ठोका पडल्याशिवाय त्यांनी कधी गिअर टाकला नाही. मला आजही मोटार चालवता येत नाही, आणि तरीही मला वाटतं की अर्धी येते.

तुम्ही म्हणाल, हा काय जिवाशी खेळ? खरं आहे. मी स्वतःशी बऱ्याचदा म्हटलं. पण तेव्हा त्या रस्त्यावर दिवसाला चार मोटारी आणि दहा बैलगाड्या. आणि आबा हळू चालवत. डॉक्टर गाडीत असले की सगळं लोणावळं दुसऱ्या गिअरातच फिरवून आणत. डॉक्टर पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "आमचा ड्रायव्हर फार सबुरीचा."

तिकोणा पेठेच्या वरच्या एका वाडीतून निरोप आला तो श्रावणातला दिवस. बाई अडून दोन दिवस झाले होते. आधी देवऋषी झाला, मग शेजारची म्हातारी, मग आम्ही. मी पोचले तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलं होतं. मूल आधीच गेलेलं होतं. दुपार कलताना बाईही गेली. माझ्याच वयाची असेल. शेवटी तिने माझा पदर धरला होता, तो तिच्या सासूला बोट बोट करून सोडवावा लागला. तिचा नवरा अंगणात उभा होता. "बाई, तुमी लय लांबून आलासा," एवढंच म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी आबांच्या शेजारी छत्री घेऊन बसले होते. खिंडीचा चढ लागला आणि मला रडू फुटलं. आवरेना. इंजिन दमायला लागलेलं माझ्या कानांवर पडत होतं, पण कान हाताला सांगत नव्हते. आबांनी वाट पाहिली. मग गाडीला आलेल्या थरथरीवरून अंदाजाने गिअर काढला, आणि पुन्हा टाकता आला नाही. नुसती खरखर. गाडी थांबली आणि हळूच मागे जायला लागली. डाव्या हाताला दरी होती, धुकं भरलेली.

आबांनी हातब्रेक ओढला, गाडी रोखली, उतरून चाकामागे धोंडा लावला. मग माझ्या बाजूला आले. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी गाडीला लटकवलेली छागळ काढून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी तोंड धुतलं, तरी रडू थांबेना. आबा तसेच पावसात भिजत उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "रडा बाई. पन आयकत रडा."

मग जाऊन बसले. उघडी टाच फळीवर टेकवली. मी रडत होते आणि ऐकत होते, आणि छत्री ठोकत होते. तशी आम्ही खिंड चढलो. माझ्या कामात पुढे असे दिवस आणखी आले, आणि प्रत्येक वेळी मला तेच वाक्य उपयोगी पडलं.

पण गाव म्हणजे गाव. मागचा बाक रिकामा असताना तरुण विधवा नर्स ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसते, एवढं लोणावळ्याच्या बाजाराला पुरे होतं. आधी थट्टा झाली. "बाई छत्रीने मोटार हाकतात." मग थट्टेत मीठ पडलं. आबा पन्नाशी ओलांडलेले, मला मुलीसारखं मानणारे, पण बोलणाऱ्याला काय, बोलायला मिळालं की झालं. पाणवठ्यावर मी गेले की बायका हंडे उचलत. घरमालकिणीने खोली सोडायला सांगितली. मी दुसरी शोधली. कुणाशी भांडले नाही, आणि माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल याचा तुम्हीच विचार करा. कारण भांडायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगितलं की आबांची मोटार गेली.

वहिनींनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही मागे का बसत नाही?" त्यांनी विचारलं. वाईट सुरात नाही, काळजीच्या सुरात. मी म्हटलं, "मागे मला मळमळतं." त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाटण्याला एक बाळंतीण पाहायला जायचं होतं. तातडीचं काही नव्हतं. आबा वहाण काढून गाडीत बसले होते, इंजिन सुरू होतं. मी छत्री आणि पेटी घेऊन आले तर डॉक्टर स्वतः मागचं दार उघडून उभे. वहिनी पायरीवर. माळी पाण्याची झारी घेऊन उगाच रेंगाळत होता, कंपाउंडर खिडकीत. सगळ्यांना ठाऊक होतं काय चाललंय, एक आबा सोडून.

"बाई, मागे बसा," डॉक्टर म्हणाले.

मी पुढच्या दाराला हात लावून उभी राहिले. मागे बसले तर वडगावच्या पुढच्या चढावर काय होईल ते मला दिसत होतं. पुढे बसले तर नोकरी राहणार नाही, आणि नावही. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "मी सांगतोय, मागे बसा. माझ्याही घराला अब्रू आहे."

आबांनी मान वळवली. त्यांनी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं, वहिनींच्या, माळ्याच्या, आणि शेवटी माझ्या. बहिऱ्या माणसाला चेहरे फार लवकर वाचता येतात. बाजारातलं बोलणं इतके दिवस त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्या एका मिनिटात सगळंच पोचलं.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

"सायेब," ते म्हणाले, "बाईंस्नी पुढं मीच बसवतो. मला आयकू येत न्हाई. दोन पावसाळं झालं, कायबी येत न्हाई. गेर कवा टाकायचा ते बाई छत्रीनं सांगत्यात. बाई माजं कान हायती. तेवडंच हाय, दुसरं कायबी न्हाई."

डॉक्टरांचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "आणि माझी मुलं बसायची या गाडीत," ते म्हणाले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. आबांना ऐकू गेलं नाही, तरी त्यांनी हात जोडले. किल्ली बॉनेटवर ठेवली, त्यावरून एकदा तळवा फिरवला, घोड्याची पाठ थोपटावी तसा, आणि चालू लागले.

डाव्या पायात वहाण नव्हती. ती बाकाखालीच राहिली होती. एक पाय उघडा, एक झाकलेला, असे ते फाटकातून बाहेर पडले. माळ्याला हसू आलं, मग त्याने तोंड फिरवलं. मी वहाण ओढून काढली आणि धावले. ते स्टेशनच्या रस्त्याला लागले होते. मी ओरडले, "आबा! आबा!" रस्त्यावरची झाडून सगळी माणसं मागे वळली. ज्यांना हाक मारली ते तेवढे वळले नाहीत. मी किती मूर्ख, इतके दिवस शेजारी बसूनही मी हाक मारत होते. मी स्टेशनात पोचेतो आगगाडी त्यांना घेऊन सुटली होती.

माझं नाव मात्र त्या दिवशी धुऊन निघालं. पाणवठ्यावर बायका आपण होऊन बोलू लागल्या, आपल्या जागा मला देऊ लागल्या. वहिनींनी बोलावून लाडू दिले. ते मी कंपाउंडरला देऊन टाकले.

पुण्याहून नवा ड्रायव्हर आला. दोन्ही पायांत बूट, कान शाबूत, आणि तरी गिअर असा टाकायचा की माझ्या दाढा शिवशिवायच्या. मी आता मागे बसत होते. चढ आला की माझी छत्री आपोआप फळीवर आपटे. तो वैतागून म्हणे, "बाई, काय हवंय तुम्हाला?" काही नकोय, म्हणायची.

पुढल्या उन्हाळ्यात आंबीचं एक बाळंतपण आलं. ते उरकून मी आबांच्या पुतण्याचं घर विचारलं. एका पोराने विचारलं, "भैरा आबा व्हय?" आणि इंद्रायणीच्या काठाकडे बोट दाखवलं. आबा करंजाखाली दोन म्हशी राखत बसले होते. वाळले होते. मला पाहून उठले, पण नजर माझ्यामागे, मोटारीकडे गेली. जवळ आले. इंजिन सुरूच होतं. त्यांनी पाय उचलून गाडीच्या पायरीवर ठेवला, डावा, उघडा, आणि डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले.

"वरबाडतोय व्हय तिला?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. नवा ड्रायव्हर पलीकडे तोंड करून विडी ओढत होता.

मी पिशवीतून वहाण काढून पुढे केली. ते हसले. "एकटी डावी घिऊन काय करू? उजवी तवाच आगीनगाडीतनं फेकली. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

आम्ही झाडाखाली बसलो. मला पुष्कळ सांगायचं होतं. माझ्यासाठी तुम्ही असं करायला नको होतं, हे सांगायचं होतं. पण त्यांना ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि हलक्याने सांगायची सोय नव्हती. निघताना मी छत्रीचं टोक त्यांच्या टाचेजवळ जमिनीवर एकदा आपटलं. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आयकलं," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

मग दुसरी लढाई आली, पेट्रोल मिळेनासं झालं, आणि मोटार ठोकळ्यांवर चढली. पुढे डॉक्टरांनी ती विकली. आबा गेले तेही मला तळेगावच्या बाजारात कुणीतरी बोलता बोलता सांगितलं, भाजी निवडता निवडता. हिवतापाने गेले, पावसाळ्यात. शेवटी शेवटी कुणाशी बोलत नव्हते म्हणे. पुतण्या सांगे म्हणे, भिंतीला पाय लावून निजायचे, डावा.

आता मी दवाखाना सोडला आहे. खंडाळ्याच्या बाजूला, घाटरस्त्याला लागून एक खोली आहे, तिथे राहते. वहाण दाराआड खुंटीला आहे. कामवाली दर दिवाळीला विचारते, टाकू का? मी तिला दुसरं काहीतरी काम सांगते.

लष्कराच्या लॉऱ्या दिवसभर घाट चढतात. आवाज लांबून येतो, जवळ येतो, वळणावर बसायला लागतो, आणि मी काहीही करत असले तरी हातातली छत्री, नसली तर पळी, फरशीवर एकदा आपटते. ते आपोआप होतं. लॉरीवाला आपल्या कानांनी ऐकून गिअर काढतो. त्याला माझी गरज नसते.

दुसऱ्यांदा मात्र मी मुद्दाम आपटते. नाहीतर आबा खिंडीत तसेच राहतील, गिअर मोकळा, आणि माझ्या ठोक्याची वाट बघत.